समाजशास्त्राचा अभ्यासक्रम आणि झेरॉक्सच्या दुकानातली चाळीस पानं

विद्यापीठाचा समाजशास्त्राचा नवा अभ्यासक्रम आखणाऱ्या अभ्यास मंडळाच्या उपसमितीवर माझं नाव घेतल्याचं पत्र आलं, त्या संध्याकाळी मी कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानदाराला विचारलं, ‘समाजशास्त्राचं मुलं काय नेतात?’ त्यानं खालच्या कप्प्यातून स्पायरल केलेले संच काढून काउंटरवर मांडले. प्रत्येक पेपराचा एक. वर ठळक अक्षरात ‘आयएमपी’, आत चाळीसेक पानं. बी.ए.च्या तिन्ही वर्षांचे संच मी विकत घेतले आणि रात्री जेवण झाल्यावर वाचायला बसले.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमचा श्रमविभाजनाचा सिद्धान्त दीड पानात होता: व्याख्या, प्रकार, वैशिष्ट्ये, टीका. मार्क्सचा वर्गसंघर्ष त्याच साच्यात, कुटुंबसंस्था त्याच साच्यात, जातिव्यवस्थाही त्याच साच्यात. मी बावीस वर्षं हा विषय शिकवते आहे. माझे विद्यार्थी परीक्षेत जे लिहितात ते या पानांतून शब्दशः येतं, हे मला माहीत होतं. पण सगळे संच एका बैठकीत वाचल्यावर वाटलं की आपला खरा अभ्यासक्रम हाच आहे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या पीडीएफचा आणि मुलांचा संबंध या दुकानातूनच येतो.

संच लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. जुन्या अभ्यासक्रमात प्रत्येक पेपराखाली संदर्भग्रंथांची यादी होती. दुसऱ्या दिवशी एका पेपराची यादी घेऊन मी आमच्या ग्रंथालयात गेले. अठरा पुस्तकं, त्यातली पंधरा इंग्रजी. कपाटात सापडली चार. एका पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवर दहा वर्षांत तीन शिक्के होते आणि तिन्ही माझ्याच नावाचे. मुलं वाचत नाहीत, असं आम्ही शिक्षकांच्या खोलीत नेहमी म्हणायचो. त्यांच्या हातात वाचण्याजोगं काय ठेवलं होतं, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

पहिल्या बैठकीला जाताना मी एकच मागणी घेऊन गेले. प्रत्येक घटकासोबत मराठीतली वीस-पंचवीस पानं नेमून द्यायची. ती पानं प्रत्यक्ष हातात असली पाहिजेत. ज्या घटकाला अशी पानं मिळणार नाहीत, तो घटक अभ्यासक्रमात घ्यायचा नाही.

हे 2024च्या सुरुवातीचं. राज्य शासनाच्या 2023च्या निर्णयानुसार स्वायत्त महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण आधीच लागू झालं होतं. आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांची पाळी जून 2024ला होती. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकवते. समितीत आम्ही पाच जण. दोन शहरातले, तीन आमच्यासारख्या कॉलेजांतले, आणि त्या तिघांपैकी दोघांच्या विभागात पूर्णवेळ शिक्षक एकटाच. हाताशी वेळ सहा आठवड्यांचा होता.

आराखड्याचं गणित ज्यांनी केलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका सत्राला 22 श्रेयांक (क्रेडिट), तीन वर्षांची पदवी 132 श्रेयांकांची, चौथं वर्ष केलं तर 176. एक श्रेयांक म्हणजे वर्गातले 15 तास. प्रात्यक्षिक किंवा क्षेत्रकार्य असेल तर 30. चार श्रेयांकांचा पेपर म्हणजे साठ तासिका. त्यात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भारतीय ज्ञान प्रणाली, फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) अशा चौकटी आखून आलेल्या. पहिल्या दोन बैठका आमच्या हातून या चौकटी भरण्यातच गेल्या. जुन्या पेपराचे दोन तुकडे करून दोन चौकटींत बसवण्याचा मोह प्रत्येकाला झाला, मलाही झाला.

त्यातून आम्हाला बाहेर काढलं ते एका तरतुदीनं. पहिलं वर्ष संपल्यावर 44 श्रेयांक आणि कौशल्याचे आणखी चार श्रेयांक पूर्ण करून विद्यार्थी प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू शकतो. कागदावर ही लवचीकता आहे. आमच्याकडे त्या दारातून कोण बाहेर पडणार, हे आम्हाला यादीनिशी सांगता आलं असतं. जिचं लग्न ठरलं ती मुलगी, ज्याचे वडील आजारी पडले तो मुलगा. ही मुलं आजही पहिल्या वर्षानंतर जातात, फक्त त्यांच्या हातात कागद नसतो. कागद मिळणार म्हणून त्यांचं जाणं आपण सहज मान्य करू लागू, ही भीती मला तेव्हाही होती आणि आजही आहे. पण अभ्यासक्रम आखताना प्रश्न वेगळा होता. एका वर्षात जाणाऱ्या मुलीला समाजशास्त्रानं काय दिलेलं असावं?

जुन्या रचनेत पहिल्या वर्षी मूलभूत संकल्पना होत्या: समाज, समुदाय, संस्था, भूमिका, दर्जा. संशोधनपद्धती थेट तिसऱ्या वर्षी. म्हणजे लवकर गेलेली मुलगी व्याख्या घेऊन जाणार, आणि मोजायचं कसं, विचारायचं कसं, पाहिलेलं लिहून कसं काढायचं, यातलं काहीच तिच्या हाती लागणार नाही. मी सुचवलं, पद्धती पहिल्या वर्षी आणू. आमच्यातल्या ज्येष्ठ सरांचा आक्षेप रास्त होता: ‘संकल्पना नसताना पोरं मोजणार काय?’ त्यावर बराच खल झाला. शेवटी पहिल्या सत्रात दोन श्रेयांकांचा एक पेपर ठरला, ‘आपलं गाव वाचताना’. या नावासाठी मी हट्ट धरला. औपचारिक वाटत नाही म्हणून ते दोनदा बदललं गेलं आणि दोनदा मी परत घातलं.

या पेपराचा पहिला घटक म्हणजे जनगणनेचा तक्ता. 2011च्या जनगणनेचे गाववार आकडे सगळ्यांना खुले आहेत. घरं किती, माणसं किती, सहा वर्षांपर्यंतची मुलं-मुली किती, अनुसूचित जाती-जमातींचे किती, साक्षर किती, कामकरी किती. समितीपुढे ठेवण्याआधी हा घटक मी माझ्या वर्गात दोन आठवडे शिकवून पाहिला. प्रत्येकानं आपापल्या गावाची एक ओळ वहीत उतरवून आणायची. बीड जिल्ह्यात दर हजार मुलग्यांमागे सहा वर्षांपर्यंतच्या मुली 807 होत्या, हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहीत आले आहे आणि मुलं ते उतरवून घेत आली आहेत. या वेळी त्यांनी आपल्या गावाचा भागाकार स्वतः केला. एका मुलीनं तिसऱ्यांदा आकडेमोड करून पाहिली, कारण तिला उत्तर चुकलं असं वाटत होतं. ते चुकलेलं नव्हतं.

मग एकानं विचारलं, ‘मॅडम, यात आमची जात कुठाय?’ तो ओबीसी समाजातला. त्यातून 1931 निघालं. सगळ्या जातींची मोजदाद करून आकडे छापले गेले ते त्या वर्षी शेवटचे. स्वतंत्र भारताच्या जनगणनेत अनुसूचित जाती आणि जमातीच मोजल्या गेल्या. मंडल आयोगालाही 1931च्याच आकड्यांवर अंदाज बांधावा लागला. जुन्या अभ्यासक्रमात हा मुद्दा तिसऱ्या वर्षाच्या चौथ्या घटकात एका ओळीत होता. इथे तो पहिल्या महिन्यात, एका मुलाच्या प्रश्नातून आला.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मागच्या बाकावरच्या मुलीनं काढली. तिचे आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जातात. तक्त्यात कामकऱ्यांचे दोन रकाने असतात: वर्षात सहा महिने किंवा जास्त काम मिळालेले ते मुख्य, त्याहून कमी ते सीमान्तिक. तिनं विचारलं, ‘आई पाच महिने कोयत्यावर असते, उरलेलं वर्ष खुरपायला जाते, ती कुठल्या रकान्यात?’ आणि थोड्या वेळानं, ‘मोजणी कधी झाली होती?’ मी सांगितलं, 9 ते 28 फेब्रुवारी. ती म्हणाली, ‘तेव्हा गावात कोण होतं?’

मी हे आधी कधी ध्यानात घेतलं नव्हतं. दिवाळीनंतर टोळ्या निघतात, फेब्रुवारीत गाळप हंगाम ऐन भरात असतो. त्या संपूर्ण काळात घरापासून दूर असलेल्या माणसाची नोंद तो जिथे असेल तिथे व्हायची, म्हणजे कारखान्याच्या परिसरातल्या खोपीत, तीही प्रगणक तिथवर पोचला तर. आमच्या तालुक्यातल्या कित्येक गावांची ओळ त्या महिन्यातली आहे, ज्या महिन्यात अर्धं गाव कुलपात असतं. आकडा कोणत्या परिस्थितीत तयार झाला हे विचारायला शिकणं म्हणजे संशोधनपद्धती. तिनं ते एका दुपारी करून दाखवलं. समितीच्या पुढच्या बैठकीत मी हा प्रसंग सांगितला, आणि पद्धती पहिल्या वर्षी येण्याचा वाद तिथे मिटला.

ऊसतोडीचा घटकही त्यातूनच वाढला. ‘असंघटित कामगारांच्या समस्या’ या मथळ्याखाली जे चार मुद्दे असायचे, त्यांच्या जागी आम्ही तिथली भाषाच संकल्पना म्हणून घेतली. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, एक माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, जी फिटेपर्यंत माणूस बांधलेला. मजुरीचं एकक जोडपं असेल, तर एकट्या पोराला कामाला घेणार कोण? मग लग्नं लवकर का होतात, याचं एक उत्तर ‘अज्ञान’ आणि ‘रूढी’ यांपलीकडे सापडतं. तिसऱ्या वर्षी कुटुंब, अर्थव्यवस्था आणि लिंगभाव हे तीन वेगळे पेपर शिकवून जे जुळत नव्हतं, ते या एका शब्दात जुळलेलं आहे.

प्रश्नावलीच्या घटकाची चाचणी मी दोन गावांत घेतली. मुलांनी पुस्तकातला प्रश्न घेतला होता: घरातले निर्णय कोण घेतं? पंधरा घरांतून उत्तर आलं, ‘दोघं मिळून.’ मुलं खूश झाली. एक विद्यार्थिनी मात्र म्हणाली की हे खोटं आहे, आपण विचारलंच चुकीचं. तिनं नवे प्रश्न काढले. घरची कोंबडी विकायची असेल तर कुणाला विचारावं लागतं? माहेरी जायचं ठरवलं तर निघण्याआधी कुणाला सांगावं लागतं? मोबाइलचा मागचा रिचार्ज कुणी, कुणाच्या पैशानं केला? दुसऱ्या फेरीत त्याच घरांतून वेगळी उत्तरं आली. तिचे हे तीन प्रश्न आज अभ्यासक्रमात नमुना म्हणून आहेत. त्यांच्यासोबत अर्ध्या पानाची एक सूचनाही आहे, जिच्यावर मी बराच वेळ घालवला: कुणाच्या दारात कोण जातंय, उंबऱ्याच्या आत बोलावलं की बाहेर बसवलं, पाणी विचारलं का, हे मुलांनी आधी आपल्या वहीत लिहायचं. वाड्यातला मुलगा वस्तीत प्रश्न विचारायला जातो आणि वस्तीतली मुलगी वाड्यावर जाते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकच प्रश्नावली दोघांना पुरत नाही.

खरी खडाजंगी झाली ती सिद्धान्ताच्या पेपरावर. ज्येष्ठ सरांचा आग्रह: कॉम्त, स्पेन्सर, दुर्खीम, मार्क्स, वेबर हे युरोपातले विचारवंत, याच क्रमानं. तरुण सहकाऱ्याचा आग्रह: फुले-आंबेडकरांपासून सुरुवात. दोघंही तळमळीनं बोलत होते. मी जुना अभ्यासक्रम उघडून दोघांना एक गोष्ट दाखवली. फुले आणि बाबासाहेब त्यात होतेच. पण ते होते ‘समाजसुधारक’ या घटकात, आणि खाली मुद्दे होते: जन्म, शिक्षण, कार्य. दुर्खीमच्या खाली जन्म आणि शिक्षण नव्हतं, सिद्धान्त होता. एकाचा विचार शिकवायचा आणि दुसऱ्याचं चरित्र, ही विभागणी कुणी मुद्दाम केली असेल असं नाही. पण ती वर्षानुवर्षं छापली जात होती, आणि मीही तशीच शिकवत आले होते.

बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला तो 9 मे 1916 रोजी, कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात. त्यात ते सेनार, नेसफिल्ड, रिस्ली आणि आपले केतकर यांच्या जातीच्या व्याख्या एकेक घेऊन तपासतात, प्रत्येकीत काय अपुरं आहे ते दाखवतात, आणि जातीचा गाभा जातीअंतर्गत विवाहात आहे असं मांडतात. तिथून पुढे सती, विधवांवर लादलेलं वैधव्य आणि बालविवाह या गोष्टी ती चौकट टिकवण्याची साधनं म्हणून उलगडतात. याला सिद्धान्त नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

तोडगा निघाला तो जोड्यांचा. दुर्खीमचं श्रमविभाजनावरचं पुस्तक 1893चं. कामं वाटली गेली की माणसं एकमेकांवर अवलंबून राहतात आणि त्यातून सेंद्रिय एकात्मता येते, हा त्याचा युक्तिवाद. 1936च्या ‘जातिनिर्मूलना’त बाबासाहेबांचं म्हणणं असं की जात ही निव्वळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. ही दोन्ही पानं एकाच आठवड्यात वाचायची. मग मुलं स्वतः विचारतात की बलुतेदारी दुर्खीमच्या कोणत्या एकात्मतेत बसते. ज्येष्ठ सर ही जोडी ऐकून थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग त्यांनीच दुसरी जोडी सुचवली: मार्क्सच्या अतिरिक्त मूल्यासोबत (मजुराच्या श्रमातून मालक स्वतःकडे ठेवतो ते मूल्य) फुल्यांचा 1883चा ‘शेतकऱ्याचा असूड’, त्यातलं कर्ज, कारकून, कोर्टकचेरी आणि पाटाच्या पाण्याचं वर्णन. त्यांनी ते पुस्तक चाळीस वर्षांपूर्वी वाचलं होतं आणि परिच्छेद त्यांच्या तोंडी होते. त्यांना मी सनातनी समजत होते, ते माझं चुकलं. ताराबाई शिंदे यांची 1882ची ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिंगभावाच्या घटकाचं पहिलं वाचन झाली.

नातेसंबंधांसाठी मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे हव्याच होत्या. त्यांचं मराठी सरळ आहे, आणि मामाची मुलगी चालते पण आत्याची का नाही, या प्रश्नावर आमचा वर्ग तासभर बोलू शकतो. भारतीय ज्ञान प्रणालीच्या पेपरात आम्ही वारी घेतली, तीही इरावतीबाईंच्या वाटेनं: दिंडीत एकत्र चालणारी, एकच अभंग म्हणणारी माणसं जेवायला मात्र जातवार वेगळी बसतात, हे त्यांनी पाहिलं, लिहिलं, आणि त्याचं दुःखही लपवलं नाही. परंपरेवर प्रेम करूनही तिच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहता येतं, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

पण पानं मिळवायची कशी? इथे मला कॉपीराइटचा कायदा शिकावा लागला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. फुले 1890ला गेले, त्यांचं लेखन खुलं. बाबासाहेब 1956ला गेले, त्यामुळे 2017पासून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन खुलं. दुर्खीम 1917ला गेला, तोही खुला. पण भाषांतराचा हक्क वेगळा असतो. बाबासाहेबांचं मूळ इंग्रजी खुलं असलं तरी अलीकडे झालेलं मराठी भाषांतर खुलं असेलच असं नाही. इरावतीबाई 1970ला गेल्या, म्हणजे अजून काही वर्षं थांबायला हवं. मग 2016चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल सापडला. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानावर परदेशी प्रकाशकांनी दावा लावला होता, आणि शिकवण्यासाठी पुस्तकांतली निवडक पानं एकत्र करून देणं कायद्यात बसतं, असं न्यायालयानं म्हटलं. आमच्या समोरच्या दुकानाची मला त्या क्षणी आठवण झाली.

जे खुलं होतं पण मराठीत सोयीचं नव्हतं, ते आम्ही भाषांतरित करायला घेतलं. मी दुर्खीमची अकरा पानं केली, इंग्रजीवरून. रोज पहाटे एक तास, सव्वा महिना. रात्री ती पानं मुलीला वाचून दाखवायची. ती विज्ञान शाखेची. जिथे ती ‘म्हणजे?’ म्हणायची, तिथे वाक्य मोडून पुन्हा लिहायचं.

तासिकांच्या राजकारणाबद्दल फार लिहीत नाही, पण ते टाळणंही खोटेपणाचं होईल. कोणता पेपर कोणत्या विषयाकडे गेला यावर माणसांच्या नोकऱ्या अवलंबून असतात. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षकाचा एक पेपर गेला तर त्याच्या घरातला किराणा कमी होतो. निवडीचे पेपर आम्ही दोन-दोनच ठेवले ते याच कारणानं. एकशिक्षकी विभागात सहा पर्याय छापले तरी शिकवला जातो एकच.

प्रश्नपत्रिकेवर मात्र आम्ही अडून बसलो. प्रत्येक पेपरासोबत नमुना प्रश्नपत्रिका जोडायची आणि तिच्यात एक प्रश्न असा हवा ज्याचं उत्तर कुठल्याच संचात नसेल: न पाहिलेला उतारा किंवा एक तक्ता, आणि त्यावर लिहायचं. आक्षेप आला की मुलं नापास होतील. दोन कॉलेजांत अंतर्गत परीक्षेत घेऊन पाहिलं. उत्तरं कच्ची होती, शुद्धलेखन फार कच्चं, पण एकसारखी नव्हती. चाळीस वह्या तपासताना चाळीस वेगळी उत्तरं वाचण्याचा अनुभव मला कित्येक वर्षांनी आला.

मसुदा विद्यापरिषदेत मंजूर झाला. जुलैअखेर तो कॉलेजांत पोचला, तेव्हा वर्ग सुरू होऊन महिना होत आला होता. मी संकेतस्थळावरून उतरवून घेतला आणि पानं मोजली. आमचं परिशिष्ट नव्हतं. घटकवार नेमलेली पानं, नमुना प्रश्नपत्रिका, सगळं गेलेलं. सर्व विषयांना एकच नमुना लावताना प्रत्येक पेपराखाली दहा संदर्भग्रंथ एवढीच जागा उरली होती, आणि त्या दहांत पुन्हा सात इंग्रजी. दोनदा पत्र लिहिलं. उत्तर आलं की मंजूर झालेल्या मजकुरात आता बदल करता येत नाही. त्या दिवशी मी तास घेतला नाही. मुलांना वाचनालयात बसवलं आणि रिकाम्या वर्गात बसून राहिले.

समितीतल्या तरुण सहकाऱ्याचा रात्री फोन आला. ‘मॅडम, अभ्यासक्रमात नाही म्हणून वाचायला बंदी थोडीच आहे?’ पुढच्या रविवारी आम्ही तिघं बसलो, पहिल्या वर्षाची सगळी पानं एका फाइलीत लावली, पृष्ठांक घातले, आणि ती फाइल शिक्षकांच्या ग्रुपवर टाकली. सोमवारी मी समोरच्या दुकानात एक छापील प्रत नेऊन दिली. दुकानदारानं चाळून पाहिलं, विचारलं, ‘किती काढू?’ मी म्हटलं, आधी तीस. दिवाळीपर्यंत त्यानं आणखी दोनदा काढल्या.

ज्येष्ठ सर आता निवृत्त झाले आहेत. तरीही दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही तिघं फोनवर बसतो. सध्या तिसऱ्या वर्षासाठी वेबरची पानं सुरू आहेत: वर्ग, दर्जा आणि पक्ष. दर्जा या शब्दाशी अडलो आहोत. पुस्तकी मराठीत ‘दर्जागट’ म्हणतात, पण वर्गात तो शब्द कुणाच्याच डोळ्यांपुढे काही आणत नाही. मी ‘पत’ सुचवला. सर म्हणाले, ‘पत’मध्ये पैसा येतो, पतपेढी येते, आणि वेबर तर नेमकं पैशाहून वेगळं काही सांगतोय. मुलांना विचारलं, तर एक जण म्हणाला, ‘आमच्या गावातले गुरव गरीब आहेत, पण पहिला नारळ त्यांच्या हातचा. त्याला आम्ही मान म्हणतो.’ सध्या मसुद्यात पेन्सिलीनं ‘मान’ लिहिलंय. त्याचा गट कसा करायचा, हे येत्या गुरुवारी पाहू.